सैनिकाचे नाव ओठांवर नको, पट्ट्यात हवे

सरकारी जमिनीवर माजी सैनिकांसाठी, निराधार म्हाताऱ्यांसाठी घरे बांधणार, असे एखाद्या पुढाऱ्याने व्यासपीठावरून जाहीर केले की टाळ्यांचा कडकडाट होतो. आम्ही वकिलीच्या पेशातले असल्यामुळे टाळ्या वाजवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो : कागदावर काय लिहिणार? जमीन कोणाच्या नावावर राहणार, घरात कोण राहणार, भाडे किती, आणि शर्त मोडली तर काय? या चार प्रश्नांची उत्तरे भाडेपट्ट्यात नसतील, तर सैनिकाचे नाव म्हणजे दुकानावर लावलेली पाटी. आत माल दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी ठेवलेला असतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. मुंबईत कुलाब्याला ‘आदर्श’ नावाची ३१ मजली इमारत उभी आहे. ती सैनिकांसाठी, कारगिलच्या वीरांसाठी, वीरपत्नींसाठी होती, असे देशभर बोलले गेले. प्रत्यक्षात सभासदांच्या यादीत सनदी अधिकारी, पुढारी आणि त्यांचे नातेवाईक निघाले. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारने नेमलेल्या न्या. जे. ए. पाटील यांच्या चौकशी आयोगाने सभासदांपैकी २५ जणांना अपात्र ठरवले. अनेक सदनिका बेनामी असल्याचेही नोंदवले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवून इमारतीचा ताबा लष्कराकडे दिला.

हे सारे वर्तमानपत्रांतून गाजले. पण त्याच आयोगाचा आणखी एक निष्कर्ष होता, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आयोगाने सांगितले की ही जमीन राज्य सरकारचीच होती, आणि ती कारगिलच्या सैनिकांसाठी किंवा त्यांच्या विधवांसाठी राखीव नव्हतीच! ज्यांच्या नावाने देश हळहळला, त्यांचे राखीवपण कोणत्याही कागदावर नव्हते. मग न्यायालयात उभे राहून ‘हे घर माझे होते’ असे कोणत्या वीरपत्नीने म्हणायचे? कोणत्या कलमावर बोट ठेवायचे? आमच्या मते ‘आदर्श’चा खरा धडा हा आहे. भ्रष्ट माणसे सगळीकडे असतात. त्यांना रोखणारे कलमच नसले, तर चौकशी आयोग नेमूनही वंचिताच्या हाती काही पडत नाही.

जमीन देताना लिहिलेल्या अटीची ताकद काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या वाडवडिलांना वतनाची जमीन होती, ती चाकरीच्या अटीवर. त्या अटीनेच पिढ्यान् पिढ्या गावकामाचे जोखड मानेवर बसवले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते त्या अटीवर घाव घालण्यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. फेरवाटपात मिळालेल्या जमिनींवर नवी अट आली, की परवानगीशिवाय हस्तांतर करायचे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या खरेदीखतावरून वादळ उठले आणि सरकारला चौकशी लावावी लागली. कोट्यवधींच्या त्या व्यवहारापुढे प्रश्न उभा राहिला तो कागदावरच्या अशाच अटींचा. गुलामीची अट लिहिता येते, तशी संरक्षणाची अटही लिहिता येते. लिहिणारा हात कोणाचा, एवढाच प्रश्न.

आता हा विषय आजच का काढला, ते सांगतो. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक, असे आकडे त्यात आहेत. सरकारी जमिनींची लँड बँक करण्याचे त्यात आहे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या घरांचा स्वतंत्र विचारही आहे. धोरण म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करू. पण जमिनींच्या याद्या तयार होतील, बिल्डर आणि संस्था रांगेत उभ्या राहतील, करारांचे मसुदे तयार होतील, तेव्हा आपण कोठे असणार? मसुदा मंजूर झाल्यावर मोर्चा काढून उपयोग नसतो. मसुद्याच्या आधी मागणी जावी लागते.

आणि ही मागणी करण्याचा सर्वात मोठा हक्क आपल्या माणसांचा आहे. सैन्यातला जवान नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. निवृत्त झाला की ट्रंक उचलून बाहेर पडतो. महापालिकेचा सफाई कामगारही तसाच. आयुष्यभर शहराची घाण उपसायची, पालिकेच्या वसाहतीतल्या एका खोलीत संसार करायचा, आणि ५८-६० व्या वर्षी खोली खाली करायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळते, म्हणून कित्येक घरांत शिकलेला मुलगाही झाडू हातात घेतो. त्याला विचारा, तो सांगेल, ‘नोकरी सोडली तर खोली जाते, आणि खोली गेली तर आईबापाला कोठे ठेवू?’ म्हणजे म्हातारपणीच्या निवाऱ्याची सोय नसल्याने पुढची पिढीही त्याच कामाला जुंपली जाते. घराचा प्रश्न असा जातीच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. म्हाताऱ्याला स्वतःचे भाड्याचे घर मिळाले, तर नातवाच्या हातातला झाडू सुटेल.

ही कहाणी नवी नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याही कुटुंबाला छावणीतले घर सोडावे लागले. महूहून दापोलीचा कॅम्प, तेथून सातारा, आणि मग मुंबई. दापोलीत तेव्हा महार पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरांसारखा निवृत्त सैनिक तिथूनच लिहू-बोलू लागला होता. सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा दाद मागायला हेच पेन्शनर पुढे आले. मुंबईत परळला बाबासाहेब वर्षानुवर्षे ज्या चाळीत राहिले, ती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक ट्रस्टने भाड्याने देण्यासाठी अशा चाळी बांधल्या. ती खोली कोणाच्या मालकीची नव्हती, बाजारात विकायची नव्हती. माफक भाडे भरा आणि राहा. त्या खोलीत राहून एका पेन्शनर सुभेदाराच्या मुलाने जगाचे ग्रंथ वाचले. सार्वजनिक जमिनीवरच्या भाड्याच्या घरातून काय घडू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा आम्हाला देता येणार नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, म्हाताऱ्यांसाठी मालकीच्या घरापेक्षा पट्ट्यावरचे भाड्याचे घर खरे. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांना ५ टक्के आणि अनुसूचित जातींना ११ टक्के घरे राखीव असतात. पण सोडत लागून उपयोग काय? मुंबई-पुण्यात घराची किंमत लाखांत, आणि पासष्टीच्या माणसाला बँक कर्ज देत नाही. मग आपला माणूस घर सोडून देतो किंवा मागच्या दाराने दुसऱ्याच्या घशात घालतो. मालकीचे घर एकदा विकले की सरकारी जमिनीचा लाभ कायमचा बाजारात गेला. भाड्याच्या घराचे तसे नाही. एक म्हातारा गेला की दुसऱ्या गरजू म्हाताऱ्याला तेच घर मिळते. जमीन जनतेचीच राहते आणि पुढच्या ५० वर्षांत कित्येकांना निवारा देते.

अर्थात पट्टा म्हटला की आपोआप न्याय होतो, असेही नाही. त्यासाठी अमेरिकेतले एक उदाहरण सांगतो. त्यात पट्ट्याचे दोन्ही चेहरे दिसतात.

लॉस एंजेलिस शहराच्या पश्चिमेला १८८८ साली जॉन जोन्स नावाचे सिनेटर आणि आर्केडिया दे बेकर नावाच्या जमीनदार बाई यांनी ३०० एकर जमीन सरकारला दान दिली. दानपत्रात हेतू लिहिला : येथे जायबंदी सैनिकांसाठी निवासगृह उभारावे आणि ते कायम चालवावे. तेथे हजारो माजी सैनिक राहिले. १९७१ च्या भूकंपानंतरच्या काळात निवास बंद पडत गेला आणि माजी सैनिक खात्याने जमिनीचे तुकडे इतरांना देणे सुरू केले. एका श्रीमंत खासगी शाळेची क्रीडांगणे आली, विद्यापीठाचे बेसबॉल स्टेडियम आले, वाहनतळ आला, हॉटेलच्या चादरी धुणारी लाँड्री आली, तेलाची विहीरसुद्धा आली. आणि त्याच कुंपणाबाहेर, फुटपाथवर, बेघर माजी सैनिक तंबू ठोकून राहू लागले. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. त्या स्टेडियमला नाव कोणाचे? जॅकी रॉबिन्सन यांचे. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा हा खेळाडू सैन्यात अधिकारी होता. बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून १९४४ साली त्याच्यावर लष्करी खटला चालला, त्यातून तो निर्दोष सुटला. शोषितांच्या नायकाचे नाव द्यायचे आणि जमीन शोषितांच्या हातून काढायची, ही हातचलाखी आपल्यालाही परिचित आहे!

पण तेथे कागद होता. २०११ साली बेघर माजी सैनिक न्यायालयात गेले. खात्याला कायद्याने परवानगी होती ती आरोग्यसेवेच्या साधनांची देवाणघेवाण करण्याची. बेसबॉल आणि लाँड्री म्हणजे आरोग्यसेवा नव्हे, म्हणून २०१३ मध्ये न्यायालयाने ते करार बेकायदा ठरवले. २०१६ मध्ये नवा कायदा झाला : या जमिनीवरचा पट्टा मुख्यतः माजी सैनिकांच्या हिताचा असला पाहिजे. विकासकाला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जागा द्यायची, मालकी खात्याकडेच ठेवायची आणि घरे माजी सैनिकांना परवडणाऱ्या भाड्याने द्यायची, असा मार्ग निघाला. त्यातली एक जुनी इमारत दुरुस्त करून ६२ वर्षांवरील माजी सैनिकांसाठी घरे झाली. पण काम गोगलगाईच्या गतीने चालले. माजी सैनिक पुन्हा न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी शाळेचा, विद्यापीठाचा आणि तेलाचा करार बेकायदा ठरवला. १८ महिन्यांत ७५० तात्पुरती आणि ६ वर्षांत १,८०० कायमची घरे बांधण्याचा आदेश दिला. सरकार त्यावर अपिलात गेले. कज्जा वर-खाली होत राहील. पण तंबूतल्या माणसाला देशाच्या सरकारला कोर्टात खेचता आले, कारण बोट ठेवायला लिहिलेले शब्द होते. ‘आदर्श’मध्ये सैनिकाचे नाव सर्वांच्या तोंडी होते आणि कागदावर नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये ते सव्वाशे वर्षांहून जुन्या कागदावर होते. फरक पडला तो येथे.

त्याच खटल्यातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. परवडणाऱ्या घरांना उत्पन्नाची मर्यादा होती, आणि सैनिकाला जखमेबद्दल मिळणारा भत्ताही उत्पन्नात मोजला जात होता. त्यामुळे जो जास्त जायबंदी त्याचा भत्ता जास्त, आणि जास्त भत्ता म्हणून घराला अपात्र! न्यायाधीशांनी हा भेदभाव ठरवला. आपल्याकडेही उत्पन्नाचा दाखला काढताना पेन्शन, अपंगत्वाचा भत्ता, मुलाची कमाई यांचा घोळ रोजचा आहे. जो मुलगा बापाला विचारत नाही, त्याचा पगार बापाच्या उत्पन्नात धरून बापाला बाहेर काढणार का? हेही करारातच स्पष्ट करावे लागेल.

मग आपल्या पट्ट्यात काय असावे? आमची मागणी अशी :

पहिली, लाभार्थी कोण ते पट्ट्याच्या मुख्य कलमातच लिहा. ६० वर्षांवरील अल्प उत्पन्नाचे लोक, माजी सैनिक, वीरपत्नी, निवृत्त सफाई कामगार. सरकारी जमिनीवरच्या गृहनिर्माण संस्थांना मागासवर्गीयांच्या २० टक्के सभासदत्वाची अट माहीत आहे. तशीच अट येथे घाला, आणि जागा भरल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका.

दुसरी, भाडे बाजाराशी नव्हे, म्हाताऱ्याच्या मिळकतीशी बांधा. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. एवढ्यावर जगणाऱ्याला पाच हजारांचे भाडे ‘परवडणारे’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

तिसरी, घर विकता येणार नाही, पोटभाड्याने देता येणार नाही, वारसाच्या नावे चढणार नाही. पती वा पत्नी हयात असेपर्यंत राहील, त्यानंतर घर पुढच्या गरजूला.

चौथी, या जमिनींचे कधीही वर्ग एकमध्ये रूपांतर होणार नाही, असे लिहा. २०१९ च्या नियमांनी भाडेपट्ट्याच्या आणि वर्ग दोनच्या जमिनी पैसे भरून मालकीच्या करून घेण्याची वाट मोकळी केली. ती वाट येथे बंद हवी. नाहीतर आज म्हाताऱ्यांच्या नावाने पट्टा आणि १५ वर्षांनी टॉवर.

पाचवी, दरवर्षी राहणाऱ्यांची यादी दारावर लावा, जिल्हाधिकाऱ्यांनी तपासणी करावी, शर्तभंग झाला तर जमीन शासन जमा. आणि तक्रार करण्याचा हक्क फक्त सरकारला नको, ज्याच्यासाठी घर आहे त्यालाही पट्ट्यानेच द्या.

सहावी मागणी खास आपली. ही घरे वस्तीत हवीत. दवाखाना, बस, बाजार जवळ हवा. जमीन स्वस्त मिळते म्हणून गावाच्या टोकाला, डम्पिंगच्या शेजारी म्हाताऱ्यांना नेऊन ठेवाल, तर वेशीबाहेरचा दुसरा महारवाडाच उभा कराल. घरांचे वाटप सोडतीने मिसळून करा. एका मजल्यावर एकच जात, असे चित्र आम्हाला दिसता कामा नये. स्वयंपाकघर सामाईक असेल तर तेथे कोणाच्याही हातचे सर्वांनी खावे.

हे सारे मागण्याला कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हिमाचलातील बियास नदीकाठच्या जमिनीच्या खटल्यात सांगितले की सार्वजनिक साधनसंपत्तीचे सरकार हे विश्वस्त आहे, आणि मोटेल कंपनीला दिलेला पट्टा रद्द केला. २०११ साली भोपाळची २० एकर जमीन जाहिरात न देता एका ट्रस्टला दिली, तेही वाटप न्यायालयाने रद्द केले. सरकारी जमीन ही मंत्र्याच्या मर्जीने वाटायची खिरापत नव्हे, हा त्याचा सरळ अर्थ.

मात्र कायद्यातल्या शब्दांपासूनही सावध राहिले पाहिजे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम सरकार स्थापन ‘करू शकेल’, असे ते कलम म्हणते. ‘करील’ नव्हे, ‘करू शकेल’. एका क्रियापदाने लाखो म्हाताऱ्यांचा हक्क मेहेरबानीत बदलला. आपल्या मागणीच्या मसुद्यात प्रत्येक ठिकाणी ‘करील’ हवे.

कार्यकर्त्यांनी आता काय करायचे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी १९५९ आणि १९६४ साली जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या मानाने आजचे काम सोपे आहे, पण चिकाटीचे आहे. आपल्या तालुक्यातील सरकारी जमिनींची यादी माहितीच्या अधिकारात मागा. कोणती जमीन कोणाला, किती वर्षांच्या पट्ट्याने, काय भाड्याने दिली आहे आणि मुदत कधी संपते, हे विचारा. मुदत संपलेले आणि शर्त मोडलेले पट्टे शोधा, त्यांतलीच जागा म्हाताऱ्यांच्या घरांसाठी मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बेघर माजी सैनिकांची नोंद करा. सफाई कामगारांच्या वसाहतीत जाऊन पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी करा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्या. गावात ग्रामसभेचा ठराव करा, शहरात नगरसेवकाला धरा. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

वस्तीवस्तीत जे वकील बांधव आहेत, त्यांनी वरच्या सहा अटींचा एक पानी मसुदा करून आपल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा. आम्ही आमच्या जिल्ह्यात ते काम हाती घेतले आहे. लँड बँकेची यादी पूर्ण होण्याआधी हा मसुदा प्रत्येक जिल्ह्यात पोहोचला पाहिजे. नंतर कोणी म्हणू नये की म्हाताऱ्यांसाठी, सैनिकांसाठी जमीन होती, पण कागदावर तसे लिहायचे राहून गेले.